चढता येतं, पण टिकता येत नाही: थंड, खवळलेल्या समुद्रात कयाक पुन्हा पुन्हा का उलटते?

तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. शांत पाण्यात पॅडल फ्लोट (वल्ह्याच्या पात्यावर चढवायचा, आधाराला तरंगणारा फुगा किंवा ठोकळा) लावून परत आत बसता येतं, अनेकदा करून पाहिलेलं असतं. मग बाहेर समुद्रात, वारा सुटलेला आणि पाणी थंड असताना कयाक उलटते. माणूस शिकवलं तसंच सगळं करतो, आत बसतोही, आणि पाणी उपसायचा पंप हाती घेईपर्यंत पुन्हा पाण्यात पडतो. दुसऱ्यांदा चढताना दम लागतो. तिसऱ्यांदा बोटं कॉकपिटची, म्हणजे बसायच्या खळग्याची, कड धरत नाहीत.

यावर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा चढण्याबद्दलच असतो: पाय जोरात मारा, छाती डेकवर घ्या, वळताना वाकून राहा. तो चुकीचा नाही, पण ज्याला चढता येतंच आहे त्याच्या काय कामाचा? माझ्या मते दोष चढण्याच्या आधीच्या एक-दोन मिनिटांत आणि नंतरच्या पाच मिनिटांत असतो. आधी श्वास ताब्यात यायच्या आत घाई होते. नंतर पाण्याने भरलेल्या होडीत बसल्या बसल्या 'सुटलो' असं वाटतं आणि माणूस सैल पडतो. होडी उलटते ती तिथे.

खालचं सगळं बंद डेकच्या समुद्री कयाकबद्दल आहे, म्हणजे जिच्यात पुढे-मागे पाणी न शिरणारे कप्पे आणि मध्ये कॉकपिट असतं. अंगात लाइफ जॅकेट आहे आणि मदतीला कुणी हाताच्या अंतरावर नाही असं धरलं आहे. सोबती जवळ असेल तर त्याला होडी धरायला लावा. दोघांनी मिळून केलेली सुटका एकट्याच्या कुठल्याही युक्तीपेक्षा लवकर होते. वरती उघड्यावर बसायच्या कयाकला कॉकपिटच नसतं, त्यामुळे तिथे यातला निम्मा त्रास उद्भवत नाही.

आधी पाण्याचं तापमान बघा

साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खालचं पाणी थंड धरतात. सवय नसलेल्याला त्याहून थोडं बरं पाणीसुद्धा पुरेसा हिसका देतं. ऊन स्वच्छ असतं, हवा २० अंशांवर असते आणि पाणी मात्र अजून हिवाळ्यातच असतं, असे दिवस सगळ्यांत फसवे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, म्हणून कपडे हवेकडे बघून घालायचेच नसतात.

थंड पाण्यात पडल्यावर शरीराचं काय होतं त्याचा क्रम ठरलेला आहे. थंडीवर संशोधन करणारे कॅनडाचे शरीरशास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी तो '१-१०-१' असा मांडला. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांनी कामाची हालचाल करता येईल अशी १० मिनिटं, आणि शरीर गार पडून शुद्ध हरपायला साधारण १ तास. हे आकडे बर्फासारख्या पाण्याचे आणि ढोबळ आहेत. ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख) असेल तर मुदत वाढते. उघड्या हातांची मुदत मात्र ड्रायसूटने फारशी वाढत नाही, आणि सुटकेचं सगळं काम हातांवर असतं.

लोक त्या शेवटच्या तासाला घाबरतात. कयाकवाल्याचा निकाल मधल्या दहा मिनिटांतच लागतो. हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, पुढच्या हातातले स्नायू आणि नसा गार पडतात, पकड जाते. बारीक कामं आधी जातात: बकल लावणं, फ्लोटची झडप फिरवणं, स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती घालून कॉकपिटवर ताणायच्या झाकणाची) कड बसवणं. दंडाची आणि पायाची ढोबळ ताकद त्यानंतरही काही वेळ टिकते. कुठलीही पद्धत निवडताना मी एवढंच विचारतो: यातलं बोटांचं काम कधी येतं, सुरुवातीला की शेवटी? पॅडल फ्लोटच्या नेहमीच्या पद्धतीत स्कर्ट लावणं सगळ्यांत शेवटी येतं, म्हणजे बोटं सर्वांत निकामी असताना. शांत, ऊबदार पाण्यातल्या सरावात ही अडचण दिसतच नाही.

उलटल्यावर रोल बसत नाही

रोल, म्हणजे होडीतून बाहेर न पडता वल्ह्याने आणि कंबरेच्या झटक्याने तिला परत सुलटी करणं, बसला तर पुढचं काहीच करावं लागत नाही. होडी भरत नाही, अंग फार वेळ पाण्यात राहत नाही, बोटं शाबूत राहतात. म्हणून तो शिकायचाच. पण सरावात दहापैकी नऊ वेळा बसणारा रोल थंड पाण्यात दगा देतो, आणि त्याचं कारण वल्ह्यात क्वचितच असतं. थंड पाणी तोंडावर आलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्याची मुदत फारच थंड पाण्यात काही सेकंदांवर येते. मग डोकं पाण्याबाहेर काढायची घाई होते, डोकं आधी वर आलं की कंबरेचा झटका वाया जातो आणि होडी अर्ध्यावरून परत पडते.

त्यावर तीन गोष्टी उपयोगी पडतात. डोक्यावर निओप्रीनची (जाड रबरी कापडाची) टोपी घाला. ती कपाळाचा आणि कानांचा धक्का कमी करते, आणि कानात थंड पाणी शिरून गरगरतं तेही टळतं. निघताना किनाऱ्यालगत तोंड पाण्यात बुडवून घ्या. आणि रोल लाटेच्या बाजूला घ्या, कारण त्या बाजूने लाट उचलायला मदत करते, उलट बाजूने तीच लाट तुम्हाला परत खाली दाबते. लाट पुढे जायची क्षणभर वाट पाहणंही चालतं, अर्थात तेवढा श्वास असेल तर.

दोन प्रयत्न करा, तिसरा नको. तिसऱ्या प्रयत्नात यश येत नाही असं नाही, पण तो फसला तर तुम्ही धापा टाकत बाहेर पडता आणि श्वास ताब्यात आणायचं मिनिट बरंच लांबतं.

रोल येतो म्हणजे विमा उतरवलेला आहे असं समजणाऱ्यांनी जिनो वॉटकिन्सची गोष्ट लक्षात ठेवावी. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांच्या कयाकमधून बाहेर पडणं म्हणजे बहुधा मरण असायचं, त्यामुळे त्यांनी रोलचे कितीतरी प्रकार घडवले होते. ते त्यांच्याकडून शिकलेल्या पहिल्या काही युरोपियनांपैकी हा ब्रिटिश संशोधक. २० ऑगस्ट १९३२ रोजी, वयाच्या २५व्या वर्षी, तो पूर्व ग्रीनलंडमध्ये एकटा सील मारायला गेला. त्याची कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. नेमकं काय घडलं ते पाहायला सोबत कुणीच नव्हतं.

होडी हातातून निसटते

हे थोडक्यात. रिकामी कयाक वाऱ्यावर पोहणाऱ्यापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे एकदा सुटली की बहुतेक गेलीच. स्प्रे स्कर्ट सोडण्याआधी एक हात कॉकपिटच्या कडेवर हवा आणि बाहेर आल्यावर डेकच्या दोरीवर. वल्हं आणि होडी यांतलं एकच धरता येत असेल तर होडी धरा. जादा वल्हं डेकवर त्यासाठीच बांधलेलं असतं. होडीच्या पुढच्या टोकाला लटकलात तर तुमच्या अंगाच्या ओढीने ते टोक हळूहळू वाऱ्याकडे वळतं आणि होडी कमी डोलते. श्वास लागलेला असताना ही जागा चांगली.

वल्ह्याला बांधलेली दोरी हवी की नको यावर वाद आहेत. मोकळ्या समुद्रात हवी, किनाऱ्याजवळच्या फुटत्या लाटांत नको, तिथे ती गळ्यात-पायात अडकते. अंगावर दोऱ्या जास्त असतील तर हाताशी सुरीही असावी.

आणि हो, लाटा किनाऱ्यावर फुटत असतील तर तिथे परत चढायच्या भानगडीतच पडू नका. होडी किनाऱ्याच्या बाजूला, तुम्ही समुद्राच्या बाजूला, असं धरून लाटांबरोबर आत या. होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधीच राहू नका. पाण्याने भरलेली कयाक लाटेवर अंगावर आली तर हाड मोडतं.

फ्लोट फुगवताच येत नाही

कारण सरळ आहे: तुमची स्वतःचीच धाप थांबलेली नाही. पहिलं मिनिट काहीही करू नका. होडी धरा, लाटांकडे पाठ करा, लाइफ जॅकेटला उचलू द्या आणि श्वास मोठ्याने, ओठ आवळून सोडत राहा. सलग एक वाक्य बोलता येऊ लागलं की कामाला लागा. वेळ चालला आहे असं वाटतं, पण धाप लागलेल्या माणसाने उघडलेली झडप, निसटलेला फ्लोट आणि वाया गेलेला पहिला प्रयत्न याला त्याहून जास्त वेळ जातो.

फ्लोट आधी वल्ह्याच्या पात्यावर चढवा, बकल लावा, मगच फुगवा. हातात फुगवलेला फ्लोट वाऱ्याने उडून जातो. दोन कप्प्यांचा असेल तर एक कप्पा गच्च भरून चढा, दुसऱ्यासाठी थांबू नका. झडप दातांनी फिरवता येते का ते घरीच, हातमोजे घालून पाहून ठेवा.

खरं तर थंड पाण्यात मला फोमचा ठोकळा फ्लोट पसंत आहे. डेकवर जागा अडवतो, ओबडधोबड दिसतो, वाऱ्यात थोडा आवाजही करतो. पण तो पात्यावर सरकवला की झालं, फुंकायचं काही नाही.

चढताना होडी अंगावर उलटते

इथे बहुतेक जण सरळ वर चढायला जातात. चढायचं नसतं, आडवं व्हायचं असतं. हात कॉकपिटच्या मागे ठेवून पाय पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येईपर्यंत मारत राहा, अंग आडवं झालं की डेकवर सरकून या. पाय होडीखाली गेले असतील आणि तुम्ही ओढताय, तर होडी तुमच्याकडेच येणार.

लाइफ जॅकेटचे पुढचे खिसे रेडिओ, खाऊ, दोरी यांनी फुगलेले असतील तर छाती डेकच्या कडेला अडते. शांत पाण्यात ते सामान आपण काढून ठेवतो, त्यामुळे सरावात हे लक्षात येत नाही. डेकवर मागे बांधलेली पिशवीही तशीच आड येते. मागून घोड्यावर बसल्यासारखं चढून पुढे सरकायची पद्धत चपळ माणसाला मोकळ्या डेकवर झकास जमते, पण सामान बांधलेल्या डेकवर आणि आडव्या लाटांत मी ती कुणाला सुचवणार नाही.

दंडात ताकद कमी असेल, किंवा हात गार पडले असतील, तर पायाने चढा. पाण्यात पाठीवर रेला, होडीजवळचा पाय कॉकपिटमध्ये घाला आणि टाच आतून कडेखाली अडकवा. एक हात फ्लोट लावलेल्या वल्ह्याच्या दांड्यावर, दुसरा कॉकपिटच्या कडेवर. मग पाय सरळ करत अंग फिरवून वर या. ताकद मांडीतून येते, दंडातून फार थोडी. दोरीचा फास करून त्यात पाय ठेवूनही चढता येतं. त्याची लांबी तुमच्या अंगाप्रमाणे आधी ठरवून गाठ मारलेली हवी, आणि वर आल्यावर पाय त्यातून सुटला आहे याची खात्री करायची.

कुठल्या बाजूने चढायचं? लाटा फुटत असतील तर वाऱ्याच्या (वारा जिकडून येतो त्या) बाजूने, म्हणजे होडी तुमच्यावर आदळणार नाही. लाटा नुसत्या फुगणाऱ्या असतील तर आडोशाच्या (वारा जिकडे जातो त्या) बाजूने चढलेलं मला बरं वाटतं: होडी वाऱ्याने तुमच्याकडे येत राहते, आणि फ्लोटही त्याच बाजूला येतो. त्या फ्लोटचा फायदा आत बसल्यावर होतो.

आत बसल्यावर पुन्हा उलटते

मूळ दुखणं हे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समजा कॉकपिटमध्ये ६० लिटर पाणी आहे. म्हणजे ६० किलो वजन, आणि ते न बांधलेलं. परातीत काठोकाठ पाणी घेऊन चालताना जे होतं तेच इथे होतं: होडी जरा एका बाजूला कलली की पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. कोरडी असताना तीच कयाक त्या कलातून आपोआप सावरली असती. शिवाय ती आता पाण्यात खोल बसली आहे, म्हणून कॉकपिटची कड लाटांच्या जवळ आली आहे. स्कर्ट उघडा आहे. प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या लाटेला थोडं पाणी आत येतं.

अशा होडीत बसून तुम्ही पंप हातात घेता. हातपंपाला दोन हात लागतात: एक नळीला, एक दांड्याला. वल्हं मांडीवर किंवा काखेत. म्हणजे होडी सगळ्यांत डळमळीत असताना तोल सावरायला एकही हात मोकळा नाही. पंपाच्या वेष्टनावर मिनिटाला ३० लिटरच्या आसपास लिहिलेलं असतं. गार पडलेल्या हातांनी, नळीत मधूनच हवा शिरत असताना, त्याच्या निम्मं निघालं तरी नशीब. उघड्या स्कर्टवरून पाणी आत येतच असेल तर हे काम संपत नाही.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे कयाक शिकायला गेलेल्या गटातल्या चार शाळकरी मुलांचा थंड पाण्यात मृत्यू झाला. त्यांच्या कयाकना स्प्रे स्कर्ट नव्हते. वाऱ्याने गट समुद्रात खेचला गेला, लाटा कॉकपिटमध्ये शिरत राहिल्या, होड्या भरत आणि उलटत राहिल्या. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये तरुणांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांवर १९९५ साली कायदा आला.

तर उपाय. पाणी मुळात कमी आत घ्या. होडी उलटी असताना, सुलटी करण्याआधी, कॉकपिटची कड किंचित उचलून आत हवा शिरू द्या, मग एका झटक्यात तुमच्यापासून दूर फेकल्यासारखी फिरवा. सावकाश फिरवली तर ती घागरीसारखी पाणी भरून घेते. पुढचं टोक उचलून पाणी ओतण्याची पद्धत ज्या होडीत आसनाच्या अगदी मागे कप्प्याची भिंत आहे तिथेच नीट चालते, आणि एकट्याला पाण्यात पाय टेकायला जागा नसल्याने थोडंच उचलता येतं. एकदा प्रयत्न करा, नाही जमलं तर सोडा.

घरी करण्यासारखं काम याहून जास्त फायद्याचं आहे: कॉकपिटमधली रिकामी जागा भरून टाका. पायांच्या पुढे कप्प्याच्या भिंतीपर्यंत हातभर जागा मोकळी असते, तिथे फोम बसवा. आसनाच्या मागे जागा असेल तर हवेची पिशवी. कापडी पिशवीसारखं अस्तर मिळतं, ते कॉकपिटच्या कडेला अडकवून त्यात पाय घालून बसतात. पाणी त्या पिशवीपुरतंच आत येतं. गरम होतं, पाय हलवायला त्रास होतो, पण जुन्या, मागे भिंत नसलेल्या होड्यांत त्याला पर्याय नाही.

मग क्रम बदला. आत बसलात की पहिलं काम स्कर्ट, पंप नंतर. स्कर्ट लावला की येणारं पाणी थांबतं, आणि आतलं ६० लिटर ६० लिटरच राहतं. स्कर्टची मागची कड आधी बसवा, मग बाजू, पुढची शेवटी. पंपाची नळी कमरेच्या बाजूने किंवा स्कर्टच्या वरच्या पट्ट्यातून खाली घालता येते का ते किनाऱ्यावर बसून करून पाहा. जमत नसेल तर स्कर्टची एकच बाजू, आडोशाकडची, पंपापुरती उघडी ठेवा. निओप्रीनचा अतिघट्ट स्कर्ट जाड हातमोजे घालून लावता येत नसेल तर त्या पाण्यासाठी तो तुमच्या उपयोगाचा नाही, लाटा त्याच्यावर कितीही छान थोपल्या जावोत.

फ्लोट काढू नका. आत बसलं की तो काढून वल्हं मोकळं करायची ऊर्मी येते, आणि दुसऱ्यांदा उलटण्याचं ते सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. पंप संपेपर्यंत वल्हं होडीला काटकोनात, मागच्या डेकवरच्या पट्ट्यांखाली अडकवून ठेवा. पट्टे इतके सैल असतात की वल्हं फिरतं, म्हणून शांत पाण्यात एकदा अंगाचा भार टाकून तपासा. मात्र मोठ्या फुटत्या लाटांत घट्ट अडकवलेलं वल्हं मोडू शकतं, तिथे ते हाताने कडेला दाबून धरलेलं बरं.

फ्लोट लावला तरी होडी उलटते ती त्याच्या विरुद्ध बाजूला. पाण्यात दाबला जाताना फ्लोट पूर्ण ताकदीने विरोध करतो. वर उचलला जाताना मात्र त्याचं स्वतःचं वजन किती, तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून वळताना, बसताना, पंप मारताना अंग किंचित फ्लोटकडे कललेलं हवं. वळायचंही फ्लोटकडे तोंड करूनच. लाट वाऱ्याची बाजू उचलून होडीला आडोशाकडे कलवते, आणि फ्लोट आडोशाला असेल तर तो कल त्याच्यावर येतो. वर मी आडोशाची बाजू निवडली ती एवढ्यासाठी.

खडक जवळ असतील तर पंप मारत बसू नका. स्कर्ट लावा, फ्लोट पात्यावरच राहू द्या आणि भरलेली होडी तशीच सावकाश वल्हवत दूर न्या. ती जड असते, पण स्कर्ट बंद असल्यावर वाटते तितकी बेभरवशाची नसते. ज्यांना परवडतं त्यांनी पायाने चालणारा किंवा बॅटरीवरचा पंप बसवून घ्यावा. वेगापेक्षा त्याचा फायदा हा की दोन्ही हात वल्ह्यावर राहतात.

फ्लोट आणि रोल एकत्र

वरच्या सगळ्याला एक वळसा आहे, आणि लाटा मोठ्या असतील तर मी आधी तोच वापरेन. होडी सुलटी करायचीच नाही. ती कडेवर किंवा उलटी असतानाच पाण्यातून आत शिरायचं, मांड्या कडेखाली नीट अडकवायच्या, आणि फ्लोट लावलेल्या वल्ह्याने रोल घ्यायचा. फ्लोट पात्याला बुडू देत नाही, त्यामुळे कच्चा रोल असलेल्यालाही उठता येतं. डेकवरची सर्कस वाचते, आणि शरीराचा भार सुरुवातीपासून खाली, आसनात असतो.

तोटा एकच, पण तो मोठा: कॉकपिट पूर्ण भरलेलं असतं. उठल्यावर वल्हं फ्लोटसकट बाजूला पसरून त्यावर रेलून राहा आणि स्कर्टकडे वळा. पाण्याखाली आत शिरताना बहुतेकांची एकच गडबड होते: पाय आत जातात पण बूड आसनाला टेकत नाही. लाइफ जॅकेट वर ढकलत असतं, म्हणून दोन्ही हातांनी कड घट्ट धरून स्वतःला आत ओढावं लागतं. नाकाला चिमटा लावला तर हे दहा पटींनी सुसह्य होतं.

सगळं जमलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा उलटली

मग दोष सुटकेत नाही. ज्या लाटेने पहिल्यांदा उलटवलं तिथेच तुम्ही अजून आहात, आता जास्त गार, जास्त दमलेले. भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध वाहत असेल तर त्या पट्ट्यात लाटा उभ्या आणि जवळजवळ असतात. शंभर-दोनशे मीटर बाजूला गेलं तरी समुद्र वेगळा असू शकतो. होडी कोरडी झाली की ठरलेली सफर विसरा आणि सगळ्यांत जवळच्या आडोशाकडे वळा, तो ज्या दिशेला जायचं होतं तिच्या उलट असला तरी.

अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहा. टेकत नसेल तर पुढच्या वेळी स्कर्ट लागणार नाही हे गृहीत धरा. बोलताना जीभ अडखळत असेल, किंवा थंडी तशीच असताना थरथर थांबली असेल, तर निर्णय स्वतःवर सोडू नका, मदत मागा. वल्ह्याला लावलेल्या गरम मोज्यांबद्दल एक सूचना: वल्हवताना ते उत्तम, पण पाण्यात पडल्यावर ते वल्ह्याबरोबरच राहतात आणि तुमचे हात उघडे पडतात. खिशात निओप्रीनचे बोटांचे मोजे वेगळे ठेवा.

नाहीच जमलं तर

दोनदा आत बसून दोनदा उलटलात तर तिसऱ्या प्रयत्नाआधी संकटाचा संदेश पाठवा. बहुतेकांचा क्रम उलटा असतो, आधी सगळे प्रयत्न करायचे, मग हाक मारायची, आणि तोवर रेडिओचं बटण दाबायला बोट उरलेलं नसतं. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६, 'मेडे' तीनदा, होडीचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. रेडिओ आणि उपग्रहाला संकेत देणारा वैयक्तिक बीकन हे दोन्ही अंगावर हवेत. होडीत ठेवलेलं साधन होडीबरोबर जातं.

मदत येईपर्यंत उलट्या होडीवर जेवढं अंग चढवता येईल तेवढं चढवा. वाऱ्यात उघड्यावर जास्त थंडी वाटते, पण उष्णता पाण्यात जास्त वेगाने जाते. चढता येत नसेल तर गुडघे छातीशी घेऊन, हात काखेत दाबून, होडीच्या दोरीत एक कोपर अडकवून राहा. दिसेनाशा किनाऱ्याकडे पोहत सुटू नका. होडी माणसापेक्षा फार लांबून दिसते.

दुरुस्ती झाली का, हे कसं तपासायचं

थंड पाण्यात पाच-सहा वेळा, काही मिनिटांसाठी, सोबत माणूस उभा करून बुडी मारण्याची सवय केली तर सुरुवातीचा धक्का साधारण निम्म्यावर येतो, आणि हा सराव महिनोन्महिने टिकतो. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

सराव करताना वारा किनाऱ्याकडे वाहत असेल अशी जागा आणि वेळ निवडा, दोन सोबती पाण्यात ठेवा. खिसे भरलेले, डेकवर पिशवी बांधलेली, नेहमीच्या सफरीचं सगळं सामान. आधी पाच मिनिटं पाण्यात नुसतं तरंगत राहा, बोटं जडावू द्या, मग सुरू करा. घड्याळ आत बसल्यावर थांबवू नका. कॉकपिट कोरडं, स्कर्ट बंद, फ्लोट डेकवर परत बांधलेला आणि होडी वाऱ्याकडे वल्हवत निघालेली, तेव्हा थांबवा. मग लगेच, विश्रांती न घेता, तीच गोष्ट दुसऱ्यांदा करा. पहिली आणि दुसरी वेळ यांत फार फरक पडत असेल तर स्कर्ट, पंप आणि मोजे यांतलं नेमकं काय आड आलं ते पाण्यातून बाहेर येताच लिहून ठेवा, कारण अंग गरम झालं की ते आठवत नाही.